तेरवी झाली, पाहुणे गेले. आता घरातल्या घरात बोलायचं कसं?

पळसफूल

आपल्याकडे माणूस गेला की तेरा दिवस गाव ते घर सांभाळतं. चूल पेटत नाही, शेजारून भाकरी-पिठलं येतं, राख सावडायला भाऊकी येते, तेरवीला पंगत बसते. चौदाव्या दिवशी मांडववाल्याच्या खुर्च्या ट्रॉलीत चढतात आणि घरात चार माणसं उरतात. खरी अडचण तिथून पुढे. चौघंही एकाच माणसासाठी रडतात, पण एकमेकांपासून लपून. सासू न्हाणीत, सून चुलीपुढे, मुलगा शेताच्या धुऱ्यावर आणि लेक नागपूरच्या होस्टेलवर. आपण तोंड उघडलं तर समोरचा खचेल, असं प्रत्येकाला वाटतं. म्हणून गेलेल्याचं नावच घरातून हद्दपार होतं.

कोणाशी, कधी, किती वेळ आणि कोणत्या शब्दांत बोलायचं, एवढंच इथे लिहावं. "काळ हेच औषध", "धीर धरा" कृपया नको. ते सांगायला अख्खं गाव आहे.

सुरुवात करते. सगळ्यांना सांगायची गरज नसते, एक माणूस पुरतो. तो घरातला सर्वांत खंबीर असलाच पाहिजे असं नाही. खंबीर माणसं लगेच उपाय सांगतात. जो दहा मिनिटं गप्प बसू शकतो तो निवडा. चाचणी सोपी आहे: याला पूर्वी सांगितलेली एखादी गोष्ट दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर पोचली होती का? पोचली असेल तर पुढचा माणूस बघा.

वेळ आधी मागून घ्यायची. "रात्री जेवण झाल्यावर पंधरा-वीस मिनिटं बसशील का? मले सल्ला नको, फक्त आयकून घे." हे वाक्य जसंच्या तसं म्हणायचं. दुसरा अर्धा भाग सोडला की समोरचा सल्ला देणारच, कारण त्याला वाटतं आपल्याला काहीतरी करायला बोलावलंय. उठायचं कसं हेही आधी ठरवा. चहा मांडायचा की गोठ्यात एक चक्कर मारायची, काहीही चालेल. कुठे थांबायचं ते माहीत असलं की सुरू करायला भीती कमी वाटते.

धुऱ्यावरचा

बरोबर आहे ताई, पण पुरुष माणूस "बसशील का" म्हणालाच तर समोरच्याच्या पोटात गोळा येते, पैसे मागून राह्यला काय म्हणून. बापे समोरासमोर बसून बोलत नाहीत. बाजूबाजूला बोलतात. हाताले काम पाह्यजे अन् नजर दुसरीकडे. तुरीच्या शेंगा सोलणं, ठिबकच्या नळ्या गुंडाळणं, बैल पाण्यावर नेणं, मोटरसायकलवर मागं बसून तालुक्याले जाणं. फवारणीच्या वक्ती नाही, तोंडाले फडकं असते अन् ध्यान तिकडंच पाह्यजे. वखरणीतही नाही, दोघं दोन टोकाले असतात.

पहिलं वाक्य बारीक ठेवा. "आज बाबाची लय याद येऊन राह्यली." बस. समोरचा "हाव ना" म्हणते अन् मग पाच मिनिटं कोणी काही बोलत नाही. तिथं घाई करू नये. ती शांतता भरायले कोणी भाव काढला सोयाबीनचा, की गेलं सगळं वाहून.

दारूवर बसून केलेलं बोलणं धरू नका. तेव्हा माणूस बोलते खूप, सकाळी त्याले अर्धं आठवत नाही अन् अर्ध्याची लाज वाटते. मग तो त्या दोस्ताले टाळते. ऐकणाऱ्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी, शुद्धीत असताना, स्वतःहून एकच म्हणावं: "काल वहिनीचं बोलत होता, सांग बरं पुढचं." वर्धा अन् गडचिरोली जिल्हे कागदावर दारूबंद आहेत, पण गम खायले बाटली भेटतेच, हे सगळ्याइले माहीत आहे.

सुईदोरा

बायकांची गोष्ट उलटी आहे. तेरा दिवस त्यांना रडू नको म्हणत नाहीत, रडावंच लागतं. नवीन पाहुणी दारात आली की गळ्यात पडून हेल काढून रडायचं, दिवसातून वीसदा. शहरातल्यांना ते नाटक वाटतं. ते नाटक नाही. त्या हेलात गेलेल्याची सगळी हकीकत असते: काय खायचा, कोणत्या रानात राबला, शेवटचं काय बोलला. पूर्वी जात्यावर बसल्यावर ओवीतून हेच वर्षभर चालायचं. चक्कीवर दळण गेलं आणि ती जागाही गेली. तेरवीनंतर एकदम "आता पुरे, लेकरांकडे बघ" सुरू होतं. वीसदा बोललेली बाई एकविसाव्या वेळी गप्प होते आणि घरचे म्हणतात, सावरली.

नवरा गेलेल्या बाईचं तर आणखी अवघड. कोपऱ्यात बसवणं, कुंकू-बांगड्या काढणं, हळदीकुंकवाला न बोलावणं. ज्या बायकांजवळ ती बोलली असती, त्यांच्यातूनच तिला उठवतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकी ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. ठराव झाला नसेल तरी शेजारणींना एक करता येतं. बचत गटाच्या बैठकीत तिला पहिल्याच महिन्यात बोलवा. बैठकीत विचारपूस करू नका, तिथे हप्त्याचाच हिशोब चालू द्या. बैठक सुटल्यावर एकीने तिच्यासोबत घरापर्यंत चालत जायचं. बोलणं त्या रस्त्यावर होतं.

भेटायला जाताना खाऊ न्या, पण "काही लागलं तर सांग" म्हणू नका. दुःखातलं माणूस काही सांगत नाही. "गुरुवारी दळण मी नेते", "शाळेची फी भरायला मी सोबत येते" असं वार धरून बोला.

माहितगार_७

दुःखाचे पाच टप्पे असतात: नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. कोण कोणत्या टप्प्यावर आहे ते ओळखलं की बोलणं सोपं जातं.

ओपीडीबाहेर

@माहितगार_७, तिथेच घोळ होतो. ते टप्पे मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये मांडले, आणि तेही स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ते नंतर चिकटले. घरात कोणी पायरीपायरीने पुढे जात नाही. सकाळी हसून बी-बियाणं आणायला गेलेला माणूस दुपारी खुंटीवरची टोपी बघून ढसाढसा रडतो. "अजून स्वीकार झाला नाही तुझा" असं त्याला सांगितलं की त्याला दुःखाबरोबर नापास झाल्याचंही वाटतं.

त्यापेक्षा स्ट्रोब आणि शूट या संशोधकांची 1999 ची मांडणी शेतकरी घराला जास्त जुळते. माणूस दोन कामांमध्ये झुलत असतो: एकीकडे गेलेल्याची आठवण, दुसरीकडे पुढचं जगणं, म्हणजे पेरणी, कर्ज, फी. दोन्ही लागतात. बायको आठवणीच्या बाजूला आणि नवरा कामाच्या बाजूला असला की भांडण पेटतं. ती म्हणते, "तुम्हाले काहीच वाटत नाही." तो म्हणतो, "रडून पेरणी होते काय?" दोघांचंही दुःख खरंच असतं, फक्त झोका वेगवेगळ्या टोकाला असतो. भांडण चालू असताना हे समजावू नका. नंतर तिसऱ्या माणसाने एकेकट्याला सांगावं.

गप्पिष्ट_नाही

थोडा विरोध नोंदवतो. "बोला, मोकळे व्हा" याचाही अतिरेक होतो. काही माणसं बोलत नाहीत आणि तरी ठीक असतात. कोणी विहिरीजवळ झाड लावतो, कोणी रोज संध्याकाळी सामुदायिक प्रार्थनेला जाऊन बसतो. गुरुदेव सेवा मंडळाची प्रार्थना कित्येक गावांत होते. तिथे कोणी काही विचारत नाही आणि माणूस एकटाही नसतो. हेही वाटून घेणंच आहे.

ओपीडीबाहेर

अनुमोदन. घटना घडल्या-घडल्या माणसाला बसवून सगळं पहिल्यापासून वदवून घेऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. त्याने फायदा दिसत नाही, कधी त्रासच वाढतो. मानसिक प्रथमोपचाराचे त्यांचे तीन शब्द आहेत: पाहा, ऐका, जोडा. ही व्यक्ती जेवते-झोपते का ते पाहा. बोलली तर ऐका. जे लागेल त्याच्याशी जोडून द्या: नातेवाईक, दवाखाना, तलाठी. "बोलतं करा" हा शब्द त्यात नाही. दार उघडं ठेवायचं, हात धरून आत ओढायचं नाही.

बालवाडी

लेकरांबद्दल कोणीच लिहिलं नाही. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

"बाबा गावाला गेले", "बाबा झोपले", "देवाला आवडले" ही तिन्ही वाक्यं टाळा. पहिल्याने पोरगं एसटीची वाट बघत बसतं. दुसऱ्याने झोपायला घाबरतं. तिसऱ्याने, देवाला आवडलो तर मलाही नेईल, असा साधा हिशोब करतं. "बाबा वारले. त्यांचं शरीर बंद पडलं. आता ते परत येणार नाहीत" एवढं, तुमच्या बोलीत, स्पष्ट. पाच वर्षांखालच्या मुलाला "कायमचं" कळत नाही, म्हणून तो तेच पुन्हा पुन्हा विचारतो. दर वेळी तेच उत्तर, त्याच शब्दांत. उत्तर बदललं की त्याला वाटतं काहीतरी लपवतायत. साधारण सहा-सात वर्षांचं मूल "माझ्यामुळे झालं का?" असं मनात धरून बसतं, विचारत मात्र नाही. न विचारताच सांगा: "तू भांडला म्हणून नाही झालं. कोणामुळेच नाही झालं."

पोरं पाच मिनिटं रडून लगेच कंचे खेळायला पळतात. त्याला निर्दयी म्हणू नका, ती दुःख घोटाघोटाने पितात. दहा-बारा वर्षांच्या मुलाला "आता तूच घराचा कर्ता" म्हणणं बंद करा. तेरवीच्या पंगतीत दहा जण त्याला हे ऐकवतात आणि त्या दिवसापासून तो आईसमोर रडणं सोडतो. वर्गशिक्षकांना पहिल्याच दिवशी कळवा, म्हणजे "बाबांवर निबंध लिहा" असं सगळ्या वर्गाबरोबर त्याला सांगितलं जाणार नाही.

लेक_परगावी

फोनवर कसं करायचं? आई गावी एकटी, आम्ही भावंडं पुणे-नागपूर. "जेवलीस का?" "हो." "बरी आहेस का?" "हो." संपलं.

पळसफूल

हो-नाही उत्तर येणारे प्रश्न काढून टाका. "आज कायची भाजी केली? कोणासंग जेवली?" असं विचारा. "केली नाही, चहा-पोळी खाल्ली" हे तीन दिवस लागोपाठ आलं तर शेजारणीला फोन लावा. भावंडांनी वार वाटून घ्या, सगळे रविवारी आणि बाकी सहा दिवस कोणीच नाही असं नको. वेळ दिवेलागणीची ठेवा, घर तेव्हा सर्वांत रिकामं वाटतं. आणि बाबांचं नाव आधी तुम्ही काढा: "आज इकडे वांग्याची भाजी पाह्यली, बाबा आठवले." मुलं दुखावतील म्हणून आई गप्प असते. तुम्ही काढलंत की तिला परवानगी मिळते. व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज फोटो टाकणं म्हणजे बोलणं नाही. फोटो पाहून ती एकटीच रडते.

कागदपत्र

एक वेगळा मुद्दा. शेतकरी आत्महत्येच्या घरात सांगणं तर रोजच चालतं. पोलीस पाटील, पंचनामा, तलाठी, तहसीलची चौकशी, वर्तमानपत्रवाले, पुढारी. सगळ्यांचा एकच प्रश्न: काहून? त्या बाईला तेच दहा-वीस वेळा सांगावं लागतं आणि सांगून सांगून ते कोरडं पडतं. ही जबानी झाली, दुःख वाटणं नाही. म्हणून हे काम तिच्यावरून काढा.

दीर-भाचा असा एक जण ठरवा, तोच सगळ्यांशी बोलेल. एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये प्रत्येकी पाच झेरॉक्स: मृत्यूचा दाखला, शवविच्छेदन अहवाल, पंचनामा, सातबारा, आठ-अ, आधार, बँक पासबुक, कर्जाचा उतारा. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत, नंतर विलंब शुल्क आणि वरची परवानगी लागते. वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे 3 महिन्यांत. तिची सही लागेल तिथे सही, हकीकत सांगायला तिला उभं करायचं नाही.

भेटायला येणाऱ्यांनी "काहून केलं त्यानं?" विचारू नये. "किती कर्ज होतं?" तर अजिबात नाही. आत्महत्येच्या घरी गाव भेटायला कचरतं, शब्द सुचत नाहीत म्हणून. शब्द नको. "आमी आहो" म्हणा आणि बसा.

धुऱ्यावरचा

+१. अन् अशा घरी फवारणीचं औषध उरलं असंल तर तेरवीच्या आत ते उचला. कुलूप लावा, किल्ली दुसऱ्या घरी. मागं राह्यलेल्याइच्या जिवालेही तेव्हाच जास्त धोका असते.

ओपीडीबाहेर

हे महत्त्वाचं, म्हणून थोडं लांबवून लिहितो. घरच्यांशी बोलणं कधी पुरत नाही?

आशाताई जे दोन प्रश्न वापरू शकतात ते घरच्यांनाही विचारता येतात. गेल्या 2 आठवड्यांत कशातच रस वाटत नाही असं किती दिवस झालं? उदास, हताश किती दिवस वाटलं? कधीच नाही 0, काही दिवस 1, अर्ध्याहून जास्त दिवस 2, जवळपास रोज 3. बेरीज 3 किंवा वर गेली तर नीट तपासणी हवी. मात्र पहिल्या काही आठवड्यांत दुःखात असलेल्या कोणाचीही बेरीज वर जाईल, तेवढ्यावर "डिप्रेशन" चा शिक्का मारू नका. सहा महिने उलटूनही गेलेल्याची ओढ तितकीच तीव्र आहे आणि रोजचं काम, जेवण, माणसं सुटलेलीच आहेत, तर मात्र ते दीर्घ शोकाचं दुखणं असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत.

मरणाबद्दल शंका आली तर सरळ विचारा: "जीव द्यावा असं मनात येते काय?" विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणूस सुटतो. उत्तर "हो" आलं तर त्या रात्री एकटं ठेवायचं नाही आणि दुसऱ्या दिवशी दवाखाना. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 मोफत आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आणि सावंगीच्या मेडिकल कॉलेजांतही आहे. प्रयत्न करून वाचलेल्याला पोलीस केसच्या भीतीने घरात लपवतात. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं सांगितलंय, त्याला शिक्षा नाही, उपचार द्यायचे.

गावातल्या माणसांनी हे काम होतं का, असं कोणी विचारेल. विदर्भातल्या 30 गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला, गावातलेच कार्यकर्ते शिकवून. डिप्रेशन असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. 2017 मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'त ते छापून आलं.

सुईदोरा

ऐकणाऱ्याचंही कोणीतरी बघा. सगळं दुःख एका थोरल्या जावेच्या पदरात टाकलं की तीन महिन्यांत तिचं डोकं दुखायला लागतं आणि ती दार बंद करते. मग बोलणाऱ्याला वाटतं, मी जड झाले. दोघी-तिघींत पाळी लावा. आणि ऐकणारीने "आज नाही गं होत, उद्या सकाळी ये" म्हणावं. उद्या सकाळी मात्र खरंच बसावं.

पळसफूल

सणांचं राहिलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनाने खुणा करून ठेवा: मासिक श्राद्ध, वाढदिवस, पोळा, सीतादही (कापूस वेचणीची पूजा), दिवाळी, अकिती (अक्षय्य तृतीया), वर्षश्राद्ध. दुखवट्याच्या वर्षी सण करत नाहीत म्हणून घर त्या दिवशी गप्प बसतं, पण तारीख कोणाच्याच डोक्यातून जात नाही. तीन-चार दिवस आधीच बोलून घ्यायचं: त्या दिवशी काय करू, काय नको.

पोळ्याचंच बघा. आदल्या संध्याकाळी खांदशेकणी. बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळायची आणि कानात म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." हे कायम बाबा म्हणायचे. आता वाटी हातात घेऊन कोण उभं राहणार, हे कोणी ठरवत नाही. ऐन वेळी थोरला वाटी उचलतो, आवाज फुटत नाही, वाटी ठेवून बाहेर निघून जातो. घरचे म्हणतात, याला सणाचं काही नाही.

धुऱ्यावरचा

तिथं मी म्हणतो दोघांनी वाटी धरावी. थोरल्यानं तूप चोळावं, धाकट्यानं आवतन म्हणावं. अन् आईले गोठ्यात बोलवावं, घरात ठेवू नये. "बाबा कसे म्हणत होते वं, माय?" म्हणून तिलेच विचारा. ती चाल लावून म्हणून दाखवते. बैल तोच आवाज वळखते, कान टवकारते.

लेक_परगावी

आमच्याकडे बैल विकले, ट्रॅक्टर आहे.

धुऱ्यावरचा

मंग शेजारच्या गोठ्यात जा. आवतन द्यायले कोणी नाही म्हणत नाही. दिवेलागणीच्या आंधी जा, अन् तूप घरून न्या.